अकरा कार्डं आणि देवाजीभाऊचा मेमो

जमलेल्या भावांनो, बायांनो, आणि पहिल्या रांगेत खुर्च्यांवर बसलेल्या साहेब लोकांनो,

मला उभं राहून बोलायची सवय नाही. मी या शाळेची लिपिक, सुनंदा. दुसरे बोलतात, मी टाईप करते, ते सही करतात. एवढंच माझं काम. आज पहिल्यांदा माईक हातात आला आहे. सगळी काही दुःखानं उभी नाही, अर्धी रागानं उभी आहे.

देवाजीभाऊ जाऊन आज पंधरा दिवस झाले. आपल्या प्रयोगशाळेचे परिचर. ताप अंगावर काढला, कोणाला सांगितलं नाही, आणि सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांच्या पत्नी तानाबाई आल्या आहेत. त्या तिथं, खिडकीजवळ, सतरंजीवर बसल्या आहेत. खुर्च्या पाहुण्यांना लागल्या ना, म्हणून.

सकाळी मी त्यांना घ्यायला गेले. वाटेत त्या एकच गोष्ट बोलल्या. "बाई, हारफुलं का करता ते करा. मले काई नको. तो कागद तेवढा वापस घ्या. मानूस गेला, आता कागद काऊन ठेवता?"

कोणता कागद, ते सांगते. देवाजीभाऊंच्या सेवापुस्तकात एक मेमो लावलेला आहे. 'परवानगीशिवाय संगणकांची प्रणाली बदलून शाळेचे अकरा संगणक निकामी केले.' असा मेमो. दोन वर्षांपासून आहे. भाऊ गेले तरी आहे. आणि तो मीच टाईप केला होता. म्हणून मी बोलायला उभी राहिले. दुसरं काही कारण नाही.

माझ्या आधी चौघं बोलले. चौघांनीही सांगितलं की देवाजीभाऊ हसतमुख होते. कोणते देवाजीभाऊ हो? मी ज्यांच्या शेजारच्या खोलीत चौदा वर्षं बसले, ते तर चांगले तापट होते. कोणी कीबोर्डवर बोटं आपटली की अंगावर यायचे. चहा गार झाला तर कप परत पाठवायचे. दुपारच्या वेळी त्यांना काही विचारायची माझीही हिंमत नव्हती. तुम्ही त्यांच्याशी कधी बोललाच नाही, म्हणून तुम्हाला ते हसतमुख दिसले. लांबून सगळेच हसतमुख दिसतात.

एक जण म्हणाले, पोकळी निर्माण झाली. कसली पोकळी? त्यांची खुर्ची तिसऱ्या दिवशी लॅबमधून स्टाफरूममध्ये गेली. आज ती इथं आहे, पहिल्या रांगेत, उजवीकडून तिसरी. बसा, बसा. उठू नका. आता उठून काय होणार.

आणि सचिव साहेब, तुम्ही म्हणालात, देवाजी हा संस्थेचा तंत्रज्ञानाचा दीपस्तंभ होता. साहेब, गडचिरोली जिल्ह्यात समुद्र नाही. कंदील म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण त्या दीपस्तंभाला तुम्ही बागेला पाणी घालायला लावलं होतं, ते भाषणात राहून गेलं. मी सांगते.

सुरुवातीपासून सांगते, कारण इथं नवे शिक्षक आहेत, गावातले लोक आहेत. त्यांना फक्त भिंतीवरचं सर्टिफिकेट माहीत आहे.

शहरातल्या कुठल्याशा ऑफिसनं त्यांचे टाकून द्यायचे बारा कम्प्युटर शाळेला दिले. टेम्पोतून उतरवताना नारळ फुटला, फोटो निघाले. मग चालू केले, तर एक कम्प्युटर उठेपर्यंत तास संपून घंटा व्हायची. त्याच सुमारास जिल्ह्याच्या ठिकाणी तीन दिवसांचं प्रशिक्षण निघालं, लिनक्सचं. लिनक्स म्हणजे कम्प्युटरची अशी सिस्टीम, जी कोणा एकाच्या मालकीची नाही. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिली आहे. कोणीही घ्यावी, आत उघडून पाहावी, दुरुस्त करावी. जुन्या मशीनवरही ती चालते.

प्रशिक्षण शिक्षकांसाठी होतं. पण आलं दिवाळीच्या सुट्टीत. आता सुट्टीत शिक्षक कसे जाणार? एकाला सासुरवाडी, एकाची धानाची कापणी, एकाची कंबर धरलेली. नाव तर कोणाचं तरी पाठवायचं होतं. मग परिचराला पाठवलं. दहावी शिकलेला माणूस. त्यांना सांगितलं काय, तर "जा देवाजी, सह्या करून ये, जेवण चांगलं राहते तिथी."

तिसऱ्या दिवशी भाऊ परत आले ते गळ्यात दोऱ्याला पेनड्राइव्ह अडकवून. आठवडाभर लॅबच्या बाहेर आले नाहीत. बाराही कम्प्युटरवर त्यांनी ती सिस्टीम टाकली आणि ते मेलेले डबे चालायला लागले. पोरं टाईप करायला लागली, चित्रं काढायला लागली. राहिलं एकच. नेट नाही.

नेट ऑफिसात, माझ्या टेबलाजवळ. लॅब मैदानाच्या त्या बाजूला. वायर टाकली, ती उंदरांनी दोनदा खाल्ली. मग वायफायचं एक कार्ड आणलं, अंगठ्याएवढं, कम्प्युटरच्या खाचेत लावायचं. भाऊंनी लावलं. कम्प्युटरनं त्याला ओळखच दाखवली नाही.

मी म्हटलं, "कार्ड खराब निघालं वाटते भाऊ."

केवढे चिडले! म्हणाले, "कार्ड खराब नाई बाई. हे गोंडी बोलते समजा अन् कम्प्युटर मराठी बोलते. मधात दुभाष्या पायजे. त्यालेच ड्रायव्हर म्हंतेत. मी पह्यलीत आलो तवा मास्तर मराठी बोले, मी गोंडी. मास्तर घरी सांगून आला, पोट्टं मुकं हाये म्हणून. मुका नव्हतो जी मी. दुभाष्या नव्हता."

मी म्हटलं, "मग आणा ना दुभाष्या."

"तो नेटवर हाये. अन् नेट पायजे तर आधी दुभाष्या पायजे. आता सांगा का करू."

तुम्ही हसून राह्यले. मीही हसले होते. पण हे झेंगट त्या माणसानं एकट्यानं निस्तरलं आहे.

इथं कोणी हुशार म्हणेल, मोठा मोबाईल वायरनं जोडायचा, नेट मिळालं असतं. हो, मिळालं असतं. भाऊंकडे बटणांचा फोन होता. मोठे फोन स्टाफरूममध्ये होते, सात. भाऊंनी मागून पाहिला. एक म्हणाले, डेटा संपतो. एक म्हणाले, बॅटरी उतरते. एक म्हणाले, माझे घरचे फोटो आहेत त्यात. सात फोन आणि सात कारणं. सातवा फोन माझा होता. मी म्हटलं, आईचा फोन यायचा आहे. आईचा फोन त्या दिवशी आला नाही, आणि येणार नव्हता हे मला माहीत होतं.

मग भाऊंनी आपला रस्ता काढला. कम्प्युटरवर एक ओळ टाईप केली की कार्डाच्या आतल्या चिपचा नंबर पडद्यावर येतो. चार अक्षरं, मध्ये दोन ठिपके, पुन्हा चार अक्षरं. तो नंबर वहीत लिहून घेतला आणि रविवारी बसनं आरमोरीला गेले. तिथं एका दुकानात तासावर कम्प्युटर मिळतो. नंबर टाकून शोधलं. दुभाष्या सापडला. पेनड्राइव्हमध्ये घेऊन आले. लावायला गेले, तर तो तयार माल नव्हताच. तो इथं आपल्या मशीनवर बांधून घ्यावा लागतो आणि त्याची अवजारं वेगळी उतरवावी लागतात. पुढच्या रविवारी पुन्हा आरमोरी. अवजारं आणली. ती निघाली सिस्टीमच्या दुसऱ्याच आवृत्तीची. तिसऱ्या रविवारी आवृत्तीचा आकडा न आकडा वहीत उतरवून घेतला आणि पुन्हा बस धरली.

दुकानवाला त्यांना म्हणे, "काका, काऊन जीव देता? हे फुकटवालं काढा अन् चोरीची टाका ना. समदे टाकतेत."

भाऊ सोमवारी येऊन माझ्याच टेबलावर हात आपटून सांगत होते, "चोरीची टाकायची, अन् वरतून लॅबमध्ये सरस्वतीचा फोटो लावायचा. लाज नाई वाटत का जी लोकाइले?"

त्याच सोमवारी मधल्या सुट्टीत मला हाक मारली. गेले. कोपऱ्यातल्या एका कम्प्युटरवर नेट सुरू होतं. मी टाळ्या वाजवल्या. हा माणूस त्या दिवशीही हसला नाही. म्हणाला, "आता अकरा राह्यले."

तर अकरा कार्डं मागवायची होती. भाऊंनी आपल्या हातानं मागणी लिहून माझ्याकडे दिली. मी ती टाईप केली. सचिव साहेबांनी सही केली. आणि साहेब स्वतः गाडी घेऊन नागपूरला गेले, कारण लॅबचं उद्घाटन ठरलं होतं आणि पाहुणे मोठे होते. साहेबांनी कार्डं आणली. तोच डबा, तोच निळा रंग, तेच चित्र. साहेबांनी दुकानात जुना डबा शेजारी ठेवून जुळवून पाहिला होता, असं नंतर ते सगळ्यांना सांगत होते. लग्नाच्या साड्या जुळवाव्या तशी कार्डं जुळवली.

डबे भाऊंच्या हाती उद्घाटनाच्या सकाळी पडले. बाहेर फुग्यांची कमान लागत होती. भाऊंनी एक डबा फोडला, कार्ड लावलं, ती ओळ टाईप केली. आणि पळत ऑफिसात आले. पळत. मी त्यांना त्याच्या आधी कधी पळताना पाहिलं नव्हतं.

"बाई, नंबर बदलला. आतली चिपच दुसरी हाये. म्या लिवलं होतं ना तुमच्या कागदावर?"

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "भाऊ, आता पाहुणे यायचे आहेत. कसं तरी धकवून घ्या."

ज्याला कार्ड म्हणजे काय ते माहीत आहे, त्याला मी सांगत होते, धकवून घ्या.

पाहुणे आले. फीत कापली. माऊसवर हात ठेवून फोटो काढला. मग दाबलं. काहीच नाही. दुसऱ्या कम्प्युटरवर गेले. काहीच नाही. अकराही तसेच. जो एक चालू होता, तो फुग्यांच्या कमानीमागे झाकला गेला होता. भाऊ कमानीखालून वाकून सांगायला लागले, "साहेब, नंबर वेगळा आला, आठ दिवस द्या." पाहुणे म्हणाले, "फुकटची सिस्टीम आहे ना, मग असंच होणार." सगळे हसले. कोण जास्त हसलं, ते मला आठवते. ज्यांनी कार्डं आणली होती, तेच जास्त हसले.

तिसऱ्या दिवशी मेमो निघाला. लॅबची चावी काढून घेतली. देवाजीभाऊंना गेटवर बसवलं, सकाळ-संध्याकाळ बागेला पाणी घालायला सांगितलं. सहा गुलाब आणि एक सुकलेली मेंदी, ही आपली बाग.

आता मेमोतली एक ओळ वाचते. ऐका. 'कार्डांच्या खरेदीबाबत संबंधित कर्मचाऱ्याने मागणीपत्रात कोणतीही विशेष सूचना दिलेली नव्हती.'

आणि हा माझ्या हातात आहे तो भाऊंनी स्वतः लिहिलेला कागद. मूळ कागद. दोन वर्षं माझ्या कपाटात होता. हाही वाचते. 'असेच कार्ड आणखी अकरा पाहिजे. डब्याच्या बुडाला बारीक अक्षरात आवृत्ती एक असे छापले आहे, तेच घ्यावे. आवृत्ती दोन घेऊ नये. डबा सारखाच राहते, आतला माल वेगळा राहते. एक डबा फोडून मला नंबर पाहू द्यावा, मग बाकीचे घ्यावे. ही विनंती.'

साहेबांपर्यंत जे पत्र गेलं, त्यात एवढंच होतं: वायफाय कार्ड, नग अकरा.

बाकीचं मी गाळलं.

चूप बसा. बोलू द्या मला. मला कोणी गाळायला सांगितलं नव्हतं. ऑफिसचं पत्र सुटसुटीत असावं, असं मी शिकले आहे. आणि खरं सांगू? परिचरानं संस्थेला अट घालायची, डबा फोडून दाखवा म्हणायचं, हे मला बरं दिसलं नाही. साहेबांना वाईट वाटेल, असं वाटलं. शिक्षकानं लिहिलं असतं तर जसंच्या तसं टाईप केलं असतं. परिचरानं लिहिलं, म्हणून मी नीटनेटकं केलं. ही आमच्या ऑफिसची रीत. खालच्यानं लिहिलेलं वरच्याला शोभेल असं करून पाठवायचं. त्यात जे कामाचं होतं, तेच नेमकं गेलं.

आणि मग त्याच बोटांनी मी टाईप केलं की सूचना नव्हती. कपाटात मूळ कागद असताना. तुम्हा सगळ्यांपेक्षा माझी मला जास्त किळस येते. पण म्हणून तुमची येत नाही, असं नाही.

उत्तर द्यायला भाऊंना सात दिवस होते. मला झोप नव्हती. वाटलं, आता हे लिहिणार, बाईनं ओळ खाल्ली. सातव्या दिवशी उत्तर घेऊन आले. चार ओळी. नंबर वेगळा आहे, मुदत द्यावी, कार्डं चालू करून देतो. बस.

मी विचारलं, "भाऊ, तुमच्या त्या ओळीचं काहीच नाही लिहिलं?"

माझ्याकडे पाहिलं. माहीत होतं त्यांना. सगळं माहीत होतं. म्हणाले, "बाई, कागदाले कागद लावून कार्ड नाई चालत. मले आधी कार्ड चालवू द्या."

त्यांना वाटलं, कार्ड चाललं की कागद आपोआप निघेल. इथंच भाऊ चुकले. मशीनला त्यांनी बरोबर ओळखलं. आपल्याला ओळखलं नाही.

पुढं काय झालं? हा माणूस दिवसभर गेटवर बसे आणि रविवारी आरमोरीला जाई. नव्या चिपचा दुभाष्या सापडत नव्हता. नेटवर एक जागा असते, तिथं ही सिस्टीम वापरणारे लोक एकमेकांना प्रश्न विचारतात. भाऊंनी तिथं प्रश्न टाकला. इंग्रजी कसलं, तोडकंमोडकं. पुढच्या रविवारी जाऊन पाहिलं, तर कुठल्या तरी दूरच्या देशातल्या माणसाचं उत्तर आलं होतं.

ते उत्तर भाऊंनी मला गेटवर उभं करून सांगितलं. पाण्याचा पाईप हातात होता. "बाई, त्यानं मले शिक्षण नाई विचारलं. पद नाई विचारलं. कोन गावचा, कोन जातीचा, काई नाई. नंबर विचारला. म्हणे, नंबर सांग. म्या सांगतला. त्यानं दुसऱ्या खेपेले रस्ता धाडला."

पाणी वाहून गुलाबाचं आळं भरून गेलं होतं. त्यांचं लक्ष नव्हतं.

रस्ता मिळाला होता. पेनड्राइव्ह भरला होता. वही भरली होती. पण लॅबला कुलूप, आणि चावी साहेबांच्या ड्रॉवरमध्ये. भाऊंनी तीनदा चावी मागितली. तीनदा उत्तर मिळालं, "अजून काय बिघडवायचं राह्यलं?"

मग दहावीचे फॉर्म आले. दोन दिवसांत भरायचे होते, ऑफिसातला कम्प्युटर एकच, आणि पोरी रांगेत. जंगलातल्या गावांहून आलेल्या पोरी, परतीची बस एकच. दुपारी साहेब स्वतः गेटवर गेले. साहेब, आठवते ना? मी खिडकीतून पाहत होते. तुम्ही म्हणालात, "देवाजी, तुझं ते काही होते का पाह्य."

दुसरा असता तर म्हणाला असता, आधी मेमो काढा, मग पाहतो. मी तर तेच म्हटलं असतं. भाऊंनी पाईप टाकला आणि ओल्या पायानं लॅबमध्ये गेले. चार वाजेपर्यंत सात चालू झाले, बस सुटायच्या आधी अकराही. एकाही पोरीचा फॉर्म राहिला नाही. साहेबांच्या घरच्या पोरीचाही नाही.

त्यानंतर लॅब सुरू राहिली. भाऊ लॅबमध्ये परत आले, पण बागेचं पाणी काही सुटलं नाही. भाऊंनी प्रत्येक कम्प्युटरवर कागद चिकटवला: अपडेट करू नये. कारण सिस्टीम बदलली की दुभाष्या निघून जातो, पुन्हा बांधावा लागतो. तरी आपल्या एका सरांनी दाबलंच. का दाबलं विचारलं, तर म्हणाले, ते सारखं विचारत होतं, बरं वाटेना नाही म्हणायला. कम्प्युटरला नाही म्हणायला यांना बरं वाटत नाही! देवाजीला मोबाईल नाही म्हणताना बरं वाटलं होतं.

पुढं शाळेला डिजिटल शाळेचं सर्टिफिकेट मिळालं. फ्रेम झाली. फोटोत नऊ जण आहेत. दहावे देवाजीभाऊ, ते फोटोत नाहीत, त्यांनी मागचा पडदा धरला होता. डाव्या बाजूला चार बोटं दिसतात, ती त्यांची.

भाऊंनी आपली सगळी कृती त्या नेटवरच्या जागेवर लिहून ठेवली, जशी आपल्याला मिळाली तशी दुसऱ्याला मिळावी म्हणून. तिच्याखाली कोणा परक्यानं लिहिलं, माझंही कार्ड चाललं, देवाजी, तुमचे आभार. ते पान भाऊंनी माझ्याकडून छापून घेतलं. आज ते त्यांच्या घरी भिंतीला लावलेलं आहे. तानाबाईंना वाचता येत नाही, पण ते काय आहे हे त्यांना माहीत आहे. घरच्या भिंतीवर परक्याचे आभार आणि शाळेच्या पुस्तकात आपला मेमो. वा रे आपण!

मेमो काढा म्हणून भाऊंनी एकदा अर्ज दिला. एकदाच. तो मी साहेबांपुढं ठेवला. साहेब म्हणाले, पुढच्या मीटिंगमध्ये पाहू. दोन वर्षांत किती मीटिंगा झाल्या, सगळ्यांचा चहा मीच सांगितला आहे. नाश्ताही झाला. अर्ज निघाला नाही. मीही पुढं सरकवला नाही. भाऊ दर मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी माझ्या दारातून जाताना मान वळवून पाहायचे. विचारायचे नाहीत. मी कागदात डोकं घालायची. मग पुढं पुढं त्यांनी पाहणं सोडलं.

मागच्या महिन्यात ताप असताना ते कामावर आले होते. सांगितलं नाही, पण चेहऱ्यावरून कळत होतं. मी म्हटलं, घरी जा. म्हणाले, "सुट्टी टाकली तर आधीच एक मेमो हाये, दुसरा लागन." हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. मला वाटलं, उगाच बोलून राह्यले. ते उगाच बोलत नव्हते. ज्या कागदाला तुम्ही आणि मी विसरून गेलो, त्याला भिऊन तो माणूस तापात बागेला पाणी घालत होता.

तर आज मी दोन कागद टाईप करून आणले आहेत.

पहिला माझा. मागणीपत्रातली ओळ मी गाळली, मेमोतली ओळ खोटी आहे हे मला टाईप करताना माहीत होतं, असं त्यात लिहिलं आहे. सही केली आहे. सोबत भाऊंचा मूळ कागद जोडला आहे. साहेब, यावर तुम्ही मला मेमो द्या. मीच टाईप करून देते. यावेळी एकही ओळ गाळणार नाही.

दुसरा कागद दोन ओळींचा. देवाजी मडावी, परिचर, यांना दिलेला मेमो चुकीच्या माहितीवर होता, तो परत घेण्यात येत आहे. खाली सचिवाच्या सहीची जागा मोकळी आहे.

साहेब, मान हलवून राह्यले तुम्ही. काय म्हणता? जोरात बोला, मागं ऐकू येत नाही. पुढच्या मीटिंगमध्ये?

साहेब, ही मीटिंगच आहे. संस्थेचे नऊपैकी सात सदस्य पहिल्या रांगेत बसले आहेत. मी मोजले. चहा सांगायचं तेवढं राहिलं आहे, तेही सांगते.

तुम्ही म्हणाल, शोकसभेत असं शोभत नाही. नसेल शोभत. शोभायचं पाहूनच मी ती ओळ गाळली होती. एवढा हार घातला तुम्ही त्या फोटोला, आणि सेवापुस्तकात तो माणूस अजून गुन्हेगार आहे. त्या बाई सतरंजीवर बसून तुमची चार भाषणं ऐकत होत्या आणि प्रत्येक भाषणाच्या शेवटी मला विचारत होत्या, "झालं का बाई? कागद वापस घेतेत का?" दीपस्तंभ झाला, पोकळी झाली, हसतमुख झालं. कागदाचं कोणी बोललं नाही.

माझं बोलणं झालं. तुमच्यापैकी कोणाला वाईट वाटलं असेल, तर वाटू द्या. मी माफी मागणार नाही. ज्यांची मागायची होती, ते गेले.

देवाजीभाऊ, तुमच्या गोंडीत नमस्कार करते, सेवा जोहार.

आता दोन मिनिटं शांत उभं राहायचं आहे. पोरंहो, उठा. बायांनो, उठा. तानाबाई, हा माझा हात धरा. सर लोकांनो, उठा.

साहेब, तुम्ही नका उठू. हा घ्या पेन. सही बसूनच होते.